तांब्याच्या हंड्यातलं पाणी

मॅडम, शोकसभेत तुमचा जो फोटो ठेवला होता तो मला अजिबात आवडला नाही. त्यात तुम्ही हसताय, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून हसताय हे सरळ दिसतं. गळ्यात तो मोत्यांचा सर, जो तुम्ही धाकट्या बहिणीच्या, उषाताईंच्या आग्रहाखातर आयुष्यात एकदाच घातला असेल. मी प्राचार्यांना म्हटलं, प्रयोगशाळेतला एखादा शोधा की, एप्रन घातलेला. ते म्हणाले, नसीम मॅडम, आता हार घालून झालाय, राहू द्या. मी राहू दिलं. त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट राहू दिली, आणि तेव्हापासून आठ दिवस माझा पाय एका जागी ठरत नाहीये. वर्गात फळ्याकडे वळते आणि काय लिहायचं होतं ते विसरते.

सभा कशी झाली ते सांगते, कारण तुम्ही असता तर घरी जाताना एकेकाची नक्कल केली असती. पाच भाषणं झाली. चार जणांना एन्झाइम म्हणजे काय हे माहीत नव्हतं आणि पाचव्याला ते माहीत असल्याचा फार अभिमान होता. प्राचार्यांनी कागदावरून वाचलं: द्राक्षातल्या एन्झाइमवर आयुष्य वाहिलं, आणि निष्क्रिय झालेलं एन्झाइम आपोआप पुन्हा जागं होतं हा मॅडमचा शोध देशाबाहेर गेला. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हेही लोकांना सुचत नाही.

मग निवृत्तीभाऊ उठले. दिंडोरीचे आपले निवृत्तीभाऊ, ज्यांच्या बागेतून आपण वर्षानुवर्षं घड आणले. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. टोपी हातात घेऊन ते जागेवरूनच बोलले. "मला त्या शोधातलं काय कळत नाय. पन मॅडम घड कापायच्या ना, तर मन्यावरची पांढरी पूड बी हालायची नाय. एवढा हलका हात मी बागेत कुनाचा पाह्यला नाय. पुढं पुढं मला म्हनायच्या, निवृत्ती, तूच काप, माझे हात गेले आता. मला तर काय गेलेले दिसले नाय."

एवढं बोलून ते खाली बसले, आणि सूत्रसंचालकाने माझं नाव पुकारलं. मला बोलायचं होतं ते एकच वाक्य होतं. मी माईकसमोर गेले आणि तुमच्या शिस्तीवर, बर्फावर, पहाटेच्या प्रयोगांवर दहा मिनिटं बोलले. लोकांनी डोळे पुसले. खाली आल्यावर तिघांनी सांगितलं, फार छान बोललात. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

म्हणून आता लिहितेय. निवृत्तीभाऊ खरं बोलले, मॅडम. तुमचे हात गेले नव्हते. ते का गेल्यासारखे वाटले हे मला पंचवीस वर्षं माहीत होतं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही.

सुरुवातीपासून सांगू द्या, नाहीतर मी पुन्हा पळून जाईन.

मी मनमाडहून आले तेव्हा अब्बांना वाटत होतं की मुलगी बी.एड. करेल आणि रेल्वेच्या शाळेत लागेल. तुमच्या पहिल्याच तासाला तुम्ही विचारलं होतं, घरी वांगं कोण चिरतं? सगळ्या मुलींनी हात वर केले, मुलं हसली. तुम्ही पिशवीतून खरंच वांगं काढलं, चिरलं आणि टेबलावर ठेवून दिलं. तास संपेपर्यंत ते काळं पडलं. चिरलेलं वांगं तुमची आई पाण्यात का टाकते, म्हणून विचारलंत. मी म्हटलं, काळं पडू नये म्हणून. तुम्ही म्हणालात, हे कारण नाही, हा हेतू झाला, कारण शोधायला आपण इथे आलोय. वांग्याच्या पेशीत एक एन्झाइम आणि त्याचं खाद्य वेगवेगळ्या खोल्यांत बसलेलं असतं, सुरीने मधली भिंत तुटली की दोघं भेटतात आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या साक्षीने काळा रंग तयार होतो. हेच द्राक्षात होतं, म्हणून दाबलेल्या मण्यावर बोटाचा तपकिरी ठसा उमटतो. आणि त्या एन्झाइमच्या पोटात तांब्याचा कण असतो, तो काढून घेतला की त्याचं काम बंद. त्या दिवशी मी घरी पत्र लिहिलं की बी.एड. नाही.

तुमचं खरं काम हेच होतं आणि सभेत त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. शीतगृह नसलेल्या कॉलेजात तुम्ही नाशिकची थंडीच शीतगृह म्हणून वापरलीत. जानेवारीत सकाळी सहाला सगळ्या खिडक्या सताड उघड्या, आम्ही दोन-दोन स्वेटर घालून उभ्या, आणि बर्फाच्या कारखान्यातून पोत्यात भुश्यात गुंडाळून आणलेली लादी तुम्ही स्वतः फोडायच्या. द्राक्षाच्या गरात चिकटपणा इतका की एन्झाइम वेगळं काढणं म्हणजे चिखलातून केस काढणं. ते तुम्ही काढलंत, शुद्ध काढलंत, आणि ते मण्यात नेमकं कुठे असतं हे दाखवलंत. दिंडोरीच्या बागांत आज बाया मण्याला हात न लावता देठाला धरून घड उचलतात, ते कुणी शिकवलं हे त्यांनाही आता आठवत नसेल.

प्रयोग सुरू करण्याआधी तुमचे तीन प्रश्न ठरलेले. पाणी कुठलं? बर्फ कधीचा? हात कुणाचे? तिन्हीची उत्तरं वहीत लिहायची, मग पुढचं. पाणी म्हणजे काचेच्या उपकरणात दोनदा उकळून काढलेलं आणि काचेच्याच मोठ्या बरणीत साठवलेलं. धातूचा स्पर्श नको, कारण आपल्याला तांबं काढून घेतलेलं एन्झाइम तपासायचं होतं. पाणी काढायचं काम माझ्याकडे होतं. तुम्ही विचारायच्या, पाणी कुठलं? मी म्हणायचे, काचेतलं.

माझ्या संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी मार्चअखेर ती बरणी धुताना माझ्या हातून फुटली. बागांत शेवटचे घड उरले होते, पंधरा दिवसांत हंगाम संपणार. नवी बरणी मागवली तर महिना लागणार. तुमचा आरडाओरडा मला झेपला असता, पण वर्ष वाया गेलं असतं तर अब्बांनी मनमाडला परत बोलावलं असतं. मी जुन्या नाशकात खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहत होते. तिच्याकडे मुलीच्या लग्नासाठी घेतलेला तांब्याचा कोरा हंडा होता, आतून कल्हई न केलेला. मी तो मागून आणला. चिंच आणि मीठ लावून आतून-बाहेरून असा घासला की त्यात तोंड दिसत होतं. सात वेळा विसळला. पाणी ठेवायला याहून स्वच्छ भांडं असू शकतं असं माझ्या मनातही आलं नाही. खालाच्या घरी पाणी तांब्यात, तुमच्या घरी देवापुढचं पाणी तांब्यात. मागच्या धुण्याच्या खोलीत, जिथे तुमचं कधी येणं नव्हतं, तिथे मी तो उपकरणाखाली ठेवला आणि वर फडकं बांधलं.

तांब्याच्या एन्झाइमवर पीएच.डी. करणारी मुलगी तांब्याच्या हंड्यात पाणी भरते, मॅडम. आणि चिंचेने घासून वरचा काळसर थरही काढून टाकते, म्हणजे तांब्याला पाण्यात उतरायला काही अडचण नको. आज पहिल्या वर्षाच्या मुलाने असं केलं तर मी त्याला वर्गाबाहेर काढेन. तेव्हा मला फक्त हंगाम दिसत होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, पाणी कुठलं? मी म्हटलं, काचेतलं.

त्या दिवशी तांबं काढून घेतलेलं एन्झाइम तीन तासांनी पुन्हा काम करायला लागलं. तुम्ही चार वेळा मोजलंत. मग खुर्चीवर बसलात. एरवी आम्ही एन्झाइम मेलं म्हटलं की तुम्ही चिडायच्या. माणसाची भाषा त्याला लावू नका, ते मरत नाही, काम थांबवतं. यावर आपलं किती वाजायचं. आणि त्या दिवशी तुम्ही स्वतः वहीत मराठीत लिहिलंत, जागं झालं. मला म्हणालात, नसीम, हंगामाच्या शेवटच्या पिकलेल्या मण्यात काहीतरी आहे, ते स्वतःचं तांबं कुठेतरी राखून ठेवतं. मला तेव्हा खरंच हंड्याचं सुचलं नाही, याची शपथ घेते. मीही नाचले.

तीन हंगाम ते जागं होत राहिलं, कारण नवी बरणी मागवायचं मी पुढे ढकलत राहिले. हंडा चांगला चालला होता. शोधनिबंध छापून आला, तुम्हाला बाहेरून बोलावणी आली, माझा प्रबंध पूर्ण झाला, मला याच कॉलेजात नोकरी लागली. मग नवी इमारत झाली, काचेचं नवं उपकरण आलं, नव्या बरण्या आल्या. हंडा मी खालाला परत नेऊन दिला. आणि त्या वर्षी एन्झाइम जागं झालं नाही.

तुम्हाला वाटलं एखादं चुकलं असेल. पुन्हा केलंत. नाही झालं. मे महिन्यात मी खालाकडे जेवायला गेले होते, तर ती सुनेवर डाफरत होती. त्या मुलीने ताक त्याच हंड्यात ओतून ठेवलं होतं. खाला म्हणाली, "तांबे में छाछ रखते क्या कोई? कळक जाती ना." सुनेने हंडा उपडा केला, आत हिरवट कड आली होती. मी हातातला घास ताटात ठेवला. माझ्या आईला, खालाला, त्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला जे ठाऊक होतं ते मला तीन वर्षं सुचलं नव्हतं. आंबट लागलं की तांबं उतरतं. आणि आपलं दोनदा उकळलेलं पाणीही हवेत राहिलं की किंचित आंबट होतं. त्यात आपल्या प्रयोगाला तांबं ते किती लागणार, डोळ्याला दिसणारही नाही इतकं.

दुसऱ्या दिवशी सांगायला निघाले होते. खरंच निघाले होते. प्रयोगशाळेच्या दारातून तुम्ही दिसलात, नळीवर नजर लावून बसलेल्या, आणि मी परत फिरले. प्रबंध परत घ्यावा लागेल, नोकरी जाईल, लोक म्हणतील मनमाडची पोरगी खोटं बोलून डॉक्टर झाली. हे सगळं खरं आहे. पण त्याहून खरं हे की तुम्ही माझ्याकडे पुन्हा तसं बघणार नाही याची मला धास्ती होती.

सात हंगाम तुम्ही प्रयत्न करत राहिलात. पाण्यावर तुम्ही कधी शंका घेतली नाही, कारण पाण्याचं उत्तर माझं होतं. बर्फ तपासलात, बागा बदलल्यात, रसायनं बदललीत. मग उरले हात. मला म्हणायच्या, एकदा माझ्या शेजारी उभी राहून तू करून बघ. मी म्हणायचे वर्ग आहेत, पेपर तपासायचेत, लेकीला, झोयाला ताप आहे. मॅडम, मी एकदा जरी करून पाहिलं असतं तर माझंही फसलं असतं, आणि तुमच्या हातांवरचा आळ गेला असता. म्हणूनच मी केलं नाही. मग एका फेब्रुवारीत तुम्ही एप्रन काढून खुंटीला लावलंत आणि फक्त शिकवायला लागलात.

गेल्या वर्षात मी तुमच्या गंगापूर रोडच्या घरी तीनदा हे सांगायला आले. पहिल्यांदा उषाताई सारख्या आत-बाहेर करत होत्या. दुसऱ्यांदा तुम्हीच म्हणालात, तुला काहीतरी सांगायचंय, केव्हाची पदराशी खेळतेयस. माझ्या तोंडून निघून गेलं, झोयाचं लग्न ठरतंय. तुम्ही इतक्या खूश झालात की विचारू नका. मग दर रविवारी तुमचा फोन, मुलगा काय करतो, घरचे कसे आहेत, नसीम, तिला नोकरी सोडायला लावणार नाहीत ना? मी मुलगा पुण्यात इंजिनीयर केला, सासू शिक्षिका केली. झोया मला म्हणाली, अम्मी, एकदा माझीही गाठ घालून दे त्याच्याशी. तिसऱ्यांदा आले तेव्हा तुम्ही झोपला होतात आणि उषाताई म्हणाल्या, उठवू का? मी म्हटलं नको, पुन्हा येईन.

आठवड्याने उषाताईंचाच फोन आला, आणि तुम्ही गेल्या होतात.

सभेनंतर त्यांनी तुमच्या वह्या मला दिल्या, दोन पिशव्या भरून. मी त्या दुपारीच उघडल्या. का उघडल्या ते कबूल करते. मला आशा होती की तुम्हाला कळलेलं असेल. तुमच्यासारख्या बाईला कळल्यावाचून कसं राहील, असं मी तुम्ही गेल्यापासून स्वतःला समजावत होते. कुठल्यातरी कोपऱ्यात तांबं असं लिहिलेलं असेल, पुढे प्रश्नचिन्ह असेल, आणि तुम्ही मला न विचारता माफ केलेलं असेल. तसलं काही नाही. सात हंगामांची पानं मी एकेक करून उलटली. प्रत्येक पानावर तेच. पाणी: काचेतलं. बर्फ: आजचा. हात: माझे. खाली, नाही. शेवटच्या वहीत, शेवटून दुसऱ्या पानावर, तुमच्या त्या सरळ उभ्या अक्षरात एवढंच: "हात थरथरतात का? नसीमला विचारलं. नाही म्हणाली. ती मला दुखवणार नाही."

मला तो दिवस आठवला. जिन्यात विचारलं होतंत, अगदी सहज, हात पुढे करून. मी बघितलं होतं. मी खरं सांगितलं होतं, मॅडम. बाकी सगळं लपवून ठेवलं होतं म्हणून ते एक खरंही तुम्हाला दयेसारखं वाटलं.

काल उषाताईंकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. हंडा, बरणी, खाला, सगळं. त्या पालक निवडत होत्या, निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती घरी भाजीसुद्धा मला चिरायला लावायची. रांगोळी सोडली, शिवण सोडलं. मशीनवर धूळ बसली. मला वाटलं वय झालं." मी म्हटलं, ताई, हात चांगले होते, मला माफ करा. त्यांनी चष्मा काढला. "मला नको सांगूस गं. मी ती नाही. हे तिला सांगायचं होतंस." मी बराच वेळ बसले, त्यांनी चहाचं विचारलं नाही, आणि मला ते बरोबर वाटलं.

आज सकाळी आपला शोधनिबंध छापलेल्या नियतकालिकाला पत्र पाठवलं. शोध मागे घ्यावा, चूक माझी, पाणी तांब्याच्या भांड्यात साठवलं होतं, मार्गदर्शकांना याची कल्पना नव्हती. शेवटचं वाक्य तीनदा तपासलं. संपादक कोण असतील, जन्मले तरी असतील का तेव्हा, कोण जाणे. प्राचार्यांनाही एक प्रत दिली. ते म्हणाले, आता कशाला, बाई गेल्या, कुणाला आठवतंय. मी म्हटलं, तुम्ही आठ दिवसांपूर्वी त्यावर टाळ्या घेतल्यात. झोयाला सांगितलं तेव्हा ती रडली, आणि मला वाटलं माझ्यासाठी रडतेय, तर म्हणाली, त्या मला फोनवर विचारायच्या गं, हळद कधी आहे.

एवढं करूनही बरं वाटत नाहीये. वाटेल असं मी धरूनही चालले नव्हते. जिथे सांगायचं होतं ते घर सोडून मी सगळीकडे सांगत सुटलेय, नियतकालिकाला, प्राचार्यांना, उषाताईंना, आता इथे. तुम्ही असता तर म्हणाला असता, नसीम, पाल्हाळ नको, निष्कर्ष सांग.

जिन्यात तुम्ही हात पुढे केलेत तेव्हा मी नाही म्हणाले, ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून नव्हतं. ते थरथरत नव्हते. त्या दिवशीही नाही आणि त्यानंतरही कधी नाही. प्रयोग फसला कारण नव्या बरण्या आल्या त्या वर्षापासून तुम्ही तो बरोबर करत होतात.